अकरा जणांचा प्लॅन

थांबा, थांबा, आधी मला सांगू दे, मग फ्राइज संपवा. आणि कोल्बी, तू मध्ये हसलास ना तर मी उठून जाईन, खरंच सांगते. तीन दिवस झाले, मी हे कोणाला सांगितलं नाहीये. आईलासुद्धा नाही.

तुम्हाला नॉर्मंड पेल्की माहीत आहेत ना? अरे ते नाही का, उंच, वाकलेले, हिरवा पिकअप, मागच्या काचेला प्लास्टिक चिकटवलेलं. हां, तेच. मिलमध्ये युनियनचे पुढारी होते ते. आपण दुसरीत असताना जो संप झाला, ज्यात कोल्बीच्या बाबांनी गेटसमोर पिंपात शेकोटी केली होती, तो संप त्यांनीच केलेला.

तर माझं काम काय आहे ते तुम्ही लोकांनी कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीये. ‘जोलीन म्हाताऱ्यांचे फॉर्म भरते,’ संपलं. असं नाहीये. ऐका. पासष्टीच्या पुढच्या माणसाला औषधांसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. कंपन्या ढीगभर. प्रत्येकीची औषधांची यादी वेगळी, आणि ती यादी दर वर्षी बदलते. सप्टेंबरात एक जाड पाकीट घरी येतं, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बाबा रे, पुढच्या वर्षी तुझी अमुक गोळी आम्ही देणार नाही. ते कोणी वाचत नाही. मग पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर एवढी मुदत. त्यात प्लॅन बदलला तर बदलला, नाहीतर वर्षभर तोच गळ्यात. आणि ज्याचा त्याने घ्यायचा. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. म्हणून मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसते, एक लॅपटॉप, एक प्रिंटर जो दर तिसरा कागद गिळतो, आणि समोर रांग. गोळ्यांच्या बाटल्या ब्रेडच्या पिशवीत भरून आणतात लोक. मी सगळ्या टाइप करते आणि सांगते, हा घ्या.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. मिस्टर पेल्की आले. शिकारीचे दिवस, डोक्यावर नारिंगी टोपी, काखेत पाकीट. दारापासून माझ्या टेबलापर्यंत वीस पावलं असतील, त्यात ते दोनदा थांबले. एकदा मासिकांपाशी, एकदा पाककृतींच्या पुस्तकांपाशी. पाककृती! मिस्टर पेल्की! एक पुस्तक काढून उलटंपालटं केलं, परत ठेवलं. मला वाटलं काय गंमत आहे. मग कळलं, श्वास घेत होते.

म्हटलं, “बसा मिस्टर पेल्की.”

बसले. माझ्याकडे बघत राहिले. “तू लुसिएन मिशोची नात ना?”

“हो.”

“नाक त्याचंच घेतलंस. बिचारी.”

हसा, हसा. मी पण हसले.

मग पाकीट उघडलं. त्यांनी ते वाचलं होतं बरं का, पूर्ण, आणि पेन्सिलीने खुणा केलेल्या. एवढ्या वर्षांत असा एक माणूस मी पाहिला. चौथ्या पानावर होतं ते. त्यांचा तो पंप असतो ना, श्वासाचा, सकाळी दोनदा ओढायचा, संध्याकाळी दोनदा, तो एक जानेवारीपासून यादीतून बाहेर. त्याच्याऐवजी दुसरा घ्या म्हणे. तो दुसरा त्यांना गेल्या वर्षी देऊन झाला होता, आठ दिवस हॉस्पिटलात पडून होते. आणि स्वतःच्या पैशाने घ्यायचा म्हटलं तर महिन्याला इतके लागतात की माणसाने एकतर जेवावं नाहीतर श्वास घ्यावा.

मी टाइप केलं. सात औषधं, आपलं मेन स्ट्रीटवरचं दुकान, आपला पिनकोड. आणि आला! एक प्लॅन, सातही औषधं यादीत, पंपसकट, दुकान तेच, हप्तासुद्धा आत्तापेक्षा कमी. असं कधी होत नाही. काहीतरी एक सुटतंच. मला एवढा आनंद झाला, मी लॅपटॉप गर्रकन त्यांच्याकडे फिरवला. “मिस्टर पेल्की, दहा मिनिटांचं काम आहे. आत्ता करून टाकू?”

त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. “ही कोणाची ऑफर?”

“दुसऱ्या कंपनीची.”

“आणि आपल्या कंपनीची दुसरी ऑफर काय आहे?”

“दुसरी म्हणजे?”

त्यांनी पाकिटावर बोट आपटलं. “पोरी, ही पहिली ऑफर. पहिल्या ऑफरवर सही करत नसतात. लुसिएनने तुला काहीच शिकवलं नाही?”

आता हे जे त्यांनी मला सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, आणि गंमत म्हणजे ते आमच्याच घरातलं. मिल बंद पडली तेव्हा पेन्शनवाल्यांची औषधांची सोय पण गेली ना? तेव्हा चार नंबरच्या मशीनवरचे अकरा जण रीटाच्या डायनरमध्ये जमले. मिस्टर पेल्की म्हणाले, एकेकटे गेलो तर सोलून खातील, सगळे मिळून जाऊ. हात वर करून मतदान झालं. अकराच्या अकरा जणांनी एकच प्लॅन घ्यायचा. आणि दर सप्टेंबरात पाकीट आलं की कंपनीला पत्र लिहायचं, आमच्या मागण्या या या, दुसरी ऑफर द्या. मिस्टर पेल्की लिहिणार, टाइपरायटरवर.

तुम्हाला कळतंय का यात काय आहे ते? कोणाला साखर, कोणाला हृदय, कोणाला संधिवात. अकरा माणसं, अकरा पिशव्या गोळ्यांच्या, आणि प्लॅन एक! मला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं, शेजाऱ्याचा प्लॅन कधी घ्यायचा नाही. माझा पेपेर, माझे सख्खे आजोबा, शेवटची सहा वर्षं चुकीच्या प्लॅनवर होते. इन्सुलिनसाठी केवढे जास्तीचे पैसे भरले असतील. घरी चकार शब्द नाही. मेमेर, माझी आजी, म्हणायची, हा म्हातारा हट्टी आहे, त्याला प्लॅन बदल म्हटलं की खोलीतून उठून जातो. हट्टी नव्हते. मतदान झालं होतं ना.

मी म्हटलं, “मिस्टर पेल्की, पण कंपनी पत्राला उत्तर देते का?”

“देते की. पहिल्याच वर्षी चार डॉलर कमी केले हप्त्याचे.”

आणि त्यांनी यंदाच्या पत्राची प्रत काढून दाखवली. मागणी क्रमांक एक, पंप यादीत परत घ्यावा. मागणी क्रमांक दोन, हप्त्यात वाढ होऊ नये. मागणी क्रमांक तीन, अक्षरं मोठी छापावीत. शप्पथ. आणि मागे सह्यांचा कागद. पहिल्या वर्षी अकरा जणांनी केलेल्या सह्या, त्याचीच झेरॉक्स दर वर्षी लावतात. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, सह्या अशा फिकट झालेल्या, पावसात सापडल्यासारख्या. सहाव्या नंबरवर लुसिएन मिशो. तो लांबलचक एल, तुम्ही पाहिलाय, माझ्या वाढदिवसाच्या कार्डांवर असायचा.

मी नावं वाचत गेले. रोलंड सीर, गेले. क्लेटन बझल, गेले. पेपेर. आर्मंड डाइगल तर आत्ता एप्रिलमध्ये. शेवटपर्यंत आले आणि परत वर गेले. दहा जण नाहीत. अकरातले दहा. तो कागद सगळा मेलेल्यांचा, फक्त सगळ्यात वर एन. पेल्की.

ते पाकीट काखेत घालून उठले. “उत्तर येऊ दे. मग बघू तुझा तो प्लॅन.”

आता कोल्बी, तू म्हणशील, जाऊ दे ना, त्यांची मर्जी. मी पण तेच म्हटलं स्वतःला, दोन दिवस. मग फोन केला. वीस वेळा वाजून बंद. परत केला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी केला, म्हटलं आज तरी घरी असतील. नाही.

मग मी शनिवारी सकाळी रीटाकडे गेले. तुम्ही लोक दहाच्या आधी उठत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही, शनिवारी तिथे उभं राहायला जागा नसते. लोक भिंतीला टेकून थांबलेले, आणि मध्ये तीन टेबलं जोडलेली, एका टोकाला मिस्टर पेल्की एकटे, समोर अंडी आणि बीन्स, आणि बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. कोणी बसत नाही! रांगेतला कोणी बोलतसुद्धा नाही! मी रीटाला म्हटलं, हे काय? तर ती कॉफी ओतता ओतता म्हणाली, “उन्हाळ्यात एकदा सुटी केली मी त्या अकरा जणांची ती टेबलं. ते आले, बघितलं, काउंटरवर बसले. महिनाभर काउंटरवर बसून खाल्लं. आणि टिप दुप्पट ठेवायचे गं. ती टिप मला बघवेना. जोडली परत.”

मी जाऊन त्यांच्या बाजूची खुर्ची ओढली.

“ती रोलंडची,” ते म्हणाले.

मी दचकून उठले.

“बस, बस. तो काय आत्ता येत नाही.”

बसले. रीटाने माझ्यापुढे पण अंडी-बीन्सचं ताट आणून ठेवलं. मी त्यांना विचारलं, उत्तर आलं का. नाही म्हणाले. रोज पोस्टात जाऊन बघतात. मग त्यांनी खिशातून पंप काढला, एकदा ओढला आणि झाकण लावून ठेवून दिला.

“मिस्टर पेल्की, दोनदा ओढायचा असतो ना?”

“संप लांबणार असेल तर साठा पुरवून वापरायचा. पहिल्या दिवशीच पिंपात सगळी लाकडं टाकली तर फेब्रुवारीत काय जाळणार?” आणि माझ्या ताटाकडे बघून, “बीन्स खा. लुसिएनसारखं ताटात ठेवू नकोस.”

मला ना, तिथे रडायला आलं असतं, पण ते बघत होते. म्हणजे हा माणूस नोव्हेंबरपासून अर्धा श्वास घेतोय, जानेवारीसाठी साठवून ठेवतोय, आणि वाट कशाची बघतोय तर अशा पत्राच्या उत्तराची जे कोणीतरी कुठल्यातरी ऑफिसात उघडून कपाटात टाकलं असेल. आणि त्यांना हे सांगायचं कोणी? मी? मी सांगितलं, हो. म्हणजे प्रयत्न केला. म्हटलं, कंपनी असं कोणाशीच बोलणी करत नाही, एकदा ठरवते आणि छापते. तर ते म्हणाले, “मिलवाले पण असंच म्हणायचे.”



मग डिसेंबर. चार तारीख झाली. माझ्याकडे नुसती झुंबड, सगळ्यांना शेवटच्या चार दिवसांतच सुचतं. आणि पाच तारखेला दुपारी मिस्टर पेल्की दारात. टोपी हातात, केस विंचरलेले, आणि चेहरा असा की मला वाटलं लॉटरी लागली.

“आलं!”

पत्र आलं होतं. खरंच आलं होतं. मी वाचलं. कंपनीने लिहिलं होतं की तुमच्या पत्राबद्दल आभारी आहोत, परंतु आपल्याखेरीज अन्य सभासदांच्या संदर्भात आम्ही आपल्याशी चर्चा करू शकत नाही, त्यासाठी प्रत्येक सभासदाचं संमतिपत्र लागेल. आणि सोबत कोरे फॉर्म. दहा फॉर्म. कोणीतरी त्या कागदावरच्या सह्या मोजल्या होत्या! बसून मोजल्या होत्या!

“बघितलंस?” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला, दोन बायका वळून बघायला लागल्या. “त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय ते दाखवा. बोलणी सुरू करताना पहिलं हेच विचारतात. पहिलं हेच! म्हणजे टेबलावर बसायला तयार आहेत ते.”

आणि एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “लुसिएनच्या जागी तू सही कर. तू वारस आहेस. रोलंडची मुलगी बँगरला आहे, तिच्याकडे आज जातो. आर्मंडच्या मुलाला फोन केलाय.”

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? खोटं बोलावं. सरळ म्हणावं, मिस्टर पेल्की, मी कंपनीला फोन केला होता, हा जो दुसरा प्लॅन आहे ना, हीच त्यांची दुसरी ऑफर आहे, तुमच्या पत्रामुळे. झालं. सही करतील, पंप मिळेल, सगळे खूश. आणि मी सुरू पण केलं. “खरं म्हणजे मिस्टर पेल्की, हा जो प्लॅन आहे तो तुमच्या पत्रामुळेच...”

त्यांनी हात वर केला. एवढाच, तळहात. “पोरी. तीस वर्षं माझ्यासमोर बसून मॅनेजर लोक खोटं बोलले. त्यांना त्याचा पगार होता. तुला कोण देतंय?”

मी लाल. कानापर्यंत. मग काय, मग मला खरं बोलावं लागलं. म्हटलं, “मिस्टर पेल्की, मी सही नाही करू शकत. पेपेर गेलेत. सगळेच गेलेत.”

रांगेतले सगळे जमिनीकडे बघायला लागले. आणि ते किती शांतपणे म्हणाले, “मला माहीत नाही का गं? दहापैकी नऊ जणांच्या पेटीला खांदा दिलाय मी. आर्मंडच्या वेळी दम पुरला नाही, तर मागून चाललो.”

“मग?”

“मग काय? एकटा माणूस गेला तर ते दारात उभं करत नाहीत. आत्तापर्यंत मी एकट्याने कशावर सही केली माहितीये? लग्नाच्या कागदावर. तिथे पण बाजूला ती होती.”

मग त्यांनीच विचारलं, आणि मला तो प्रश्न नको होता. “ते चार डॉलर? पहिल्या वर्षीचे?”

मला माहीत होतं. मी नोव्हेंबरमध्येच शोधून ठेवलं होतं. म्हटलं, “त्या वर्षी त्या प्लॅनचे सगळ्यांचेच चार डॉलर कमी झाले होते. अख्ख्या मेन राज्यात. आणि शेजारच्या दोन राज्यांत.”

“सगळ्यांचे?”

“सगळ्यांचे.”

मग म्हणाले, “म्हणजे आम्ही सगळ्यांना मिळवून दिले.”

ते थट्टा करत होते का मनापासून बोलत होते, मला आजपर्यंत कळलं नाहीये. फॉर्म गोळा केले, एकाखाली एक लावले, टोपी घातली आणि गेले. मासिकांपाशी थांबले, दाराशी थांबले, पायरीवर थांबले. मी खिडकीतून बघत होते. पिकअपचं दार उघडून हात स्टीअरिंगला टेकवून नुसते उभे होते, बर्फ पडतोय आणि हा माणूस उभा. आणि माझ्यापुढे मिसेस थेरियो तिच्या डोळ्याच्या थेंबांची बाटली हलवतेय, “अगं बाई, माझं करतेस का नाही?”

सहा तारखेला आले नाहीत.

सात तारीख, शेवटचा दिवस. मला वाटतं त्या दिवशी मी तीस जणांचं केलं असेल. दुपारी चारला अंधार पडला, साडेचारला रांग संपली. लायब्ररी पाचला बंद. मी लॅपटॉप मिटत होते आणि मिस्टर पेल्की आले. हातात एक काळी वही, कडा फाटलेली. बसले. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला.

“काल दिवसभर बसून फॉर्म भरले,” ते म्हणाले. “नावं, पत्ते, जन्मतारखा. मला दहाच्या दहा जणांच्या जन्मतारखा पाठ आहेत. मशीनवर वाढदिवसाला केक असायचा. मग सहीची जागा आली. मग मी वही काढली. सभेला निम्म्याहून जास्त हजर पाहिजेत, असं आम्हीच लिहिलेलं. म्हणजे सहा. काल हजर एक.” वही उघडून त्यांनी माझ्याकडे वळवली. त्यांच्या त्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं, उपस्थिती पुरेशी नसल्याने चार नंबर मशीनचं टेबल बरखास्त करण्यात येत आहे. खाली तारीख. खाली एकच सही.

“संप करायचा तर उभं तरी राहता आलं पाहिजे,” ते म्हणाले. “लाव तुझा फोन.”

मी त्या दुसऱ्या कंपनीला लावला. स्पीकरवर, टेबलाच्या मध्ये ठेवला. आधी वीस मिनिटं ते संगीत. मग एक मुलगी आली, तिच्या मागे शंभर माणसं बोलत असल्याचा आवाज. गोड होती, वाईट नव्हती. नाव विचारलं, जन्मतारीख, कार्डावरचा नंबर. नंबर सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, ती म्हणाली, सावकाश सर, घाई नाही. मला तिचा राग येईना म्हणून अजून राग येत होता.

मग ती म्हणाली, “सर, आता हे रेकॉर्ड होतंय. हा प्लॅन तुम्ही स्वतःसाठी, स्वतःच्या मर्जीने निवडताय का? हो किंवा नाही सांगा.”

मिस्टर पेल्की फोनकडे वाकले. “निषेध नोंदवून हा प्लॅन घेतोय. लिहून घे.”

“सर?”

“निषेध. मान्य नाही, पण सही करतोय, असं.”

“सर, त्याला इथे जागा नाहीये. मला फक्त हो किंवा नाही लागेल.”

“मग जागा कर.”

“सर, मला नाही करता येत.” आणि मग हळूच, अगदी हळूच, म्हणजे तिथल्या कोणी ऐकू नये असं, “सॉरी सर.”

मी घड्याळाकडे बघत होते, लायब्ररी बंद व्हायला पाच मिनिटं उरली होती. मी ओठ एवढे दाबून धरले की दुखायला लागले. बोलून चालत नाही ना, त्यांच्या वतीने मी हो म्हटलं तर रद्द होतं. ते टेबलाकडे बघत होते. समोर मी, बाजूला दोन रिकाम्या खुर्च्या, लायब्ररीच्या.

“हो,” ते म्हणाले.

झालं. तिने एक लांबलचक नंबर दिला, तो त्यांनी वहीत लिहून घेतला, परत वाचून दाखवायला लावला. एक जानेवारीपासून पंप यादीत. मी प्रिंट काढली, आणि प्रिंटरने त्या दिवशी कागद गिळला नाही. मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, “मिस्टर पेल्की, झालं! आता पंप दोनदा ओढायचा, सकाळी आणि संध्याकाळी, साठवायचा नाही. ओढा आत्ता, माझ्यासमोर.” त्यांनी ओढला. दोनदा. लहान मुलासारखं माझं ऐकलं.

मला वाटलं आता जातील. पण ते उठले आणि तिथेच उभे राहिले, हातात तो प्रिंट. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“आता सांगायचं कोणाला?” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“करार झाला की बाहेर जायचं असतं गं. गेटवर. सगळे उभे असतात.”

मी म्हटलं, “मला सांगा ना.” काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, पण त्यांनी खरंच मान डोलावली. चष्मा पुसला. ताठ उभे राहिले, जेवढं राहता येतं तेवढं, आणि मोठ्याने वाचायला लागले. रिकाम्या लायब्ररीत! “हप्ता इतका. सुरुवातीचे इतके आपल्या खिशातून. पंप, तिसऱ्या दराच्या वर्गात, यादीत. रक्ताची गोळी, यादीत. दुकान तेच राहील. मुदत एक वर्ष.” मध्ये श्वास घ्यायला थांबायचे, पण एक ओळ सोडली नाही. तळटिपासुद्धा वाचल्या. वाचून झालं, कागद खाली घेतला, आणि माझ्याकडे बघत थांबले.

थांबलेच. मला कळेना काय करायचं. मी टाळ्या वाजवल्या. मूर्खासारख्या, दोन-तीन.

त्यांनी मान हलवली. “टाळ्या नसतात. शिव्या देतात.” आणि हसले थोडंसं. “तीस वर्षांत एक करार असा नाही ज्यावर मला शिव्या पडल्या नाहीत. विकलास आम्हाला, नॉर्मंड. एवढ्यासाठी चार महिने बर्फात उभं केलंस का, नॉर्मंड. तुझा आजोबा तर, त्याचं तोंड म्हणजे, तुला नाही सांगत. आणि मग त्याच्याच गाडीतून आम्ही घरी जायचो.”

आणि परत थांबले. कागद हातात. मला कळत होतं ते कशाची वाट बघतायत. एक शिवी दिली असती तर काय झालं असतं? तुम्हाला तर मी दिवसाला पन्नास देते. कोल्बीला तर उठताबसता. तोंडापर्यंत आली होती, देवाशप्पथ, पण ते ऐंशी वर्षांचे, केस विंचरून आलेले, मला नाही जमलं. मी म्हटलं, “चांगला प्लॅन आहे, मिस्टर पेल्की.”

“हं,” ते म्हणाले. “चांगला आहे.”

बाहेर लायब्ररीवाल्या बाईने पुढच्या खोलीतले दिवे बंद करायला सुरुवात केली. त्यांनी कागदाची घडी केली, वहीत ठेवली, टोपी घातली, आणि निघाले. पाककृतींपाशी थांबले नाहीत या वेळी. मासिकांपाशी पण नाही. पंप लागू पडला होता ना.